भाड्याचा पंप

घरात कुणाला दिवस गेल्याचं कळलं की आमच्याकडची जुनी माणसं माळ्यावरचा पाळणा आठवायला लागतात. तो कुठल्या भाचीकडे गेला, तिथून पुढे कुणी नेला, कडी मोडली होती ती बसवली का, अशी चौकशी सुरू होते. बाळाची पहिली झबलीसुद्धा कोरी नसतात. कुणाच्या तरी गुटगुटीत बाळाची, धुऊन धुऊन मऊ झालेली मागून आणतात. बारशाचा सजवलेला पाळणा तर सर्रास भाड्याने येतो. बाळाच्या वस्तू अशा घराघरांतून फिरतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. या फिरत्या वस्तूंमध्ये आणखी एका वस्तूची भर पडावी असं मला फार मनापासून वाटतं, ती म्हणजे आईचं दूध काढायचा पंप.

ही वस्तू आमच्या घरात कधी कुणी पाहिली नव्हती. ओळख झाली ती नातवामुळे. माझ्या सुनेचं बाळंतपण ३२व्या आठवड्यात झालं. नातू दीड किलोच्या जेमतेम वर. श्वास बरा चालला होता, पण अंगावर प्यायची ताकद नव्हती. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमाराला जमायला लागतो, असं डॉक्टरांनी समजावलं. तोवर तो काचेच्या पेटीत राहणार आणि बारीक नळीतून त्याच्या पोटात दूध जाणार. ते दूध आईचंच हवं, यावर त्यांचा भर होता. दिवस भरायच्या आत बाळंत झालेल्या आईच्या सुरुवातीच्या दुधात प्रथिनं जास्त असतात, आणि अशा बाळांच्या आतड्याला जो भयंकर आजार होऊ शकतो त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. एवढं ऐकल्यावर घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर लागलं. दूध काढायचं कसं?

पहिल्या दिवशी सिस्टरनी हाताने चीक काढायला शिकवलं. ते मी शेजारी बसून बघितलं आहे. अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या जरा मागे. आधी बोटं छातीच्या दिशेने आत दाबायची, मग जवळ आणायची, मग सोडायची. ओढायचं नाही, घासायचं नाही. बराच वेळ काहीच येत नाही, आणि मग मधासारखा पिवळा, दाट थेंब वर येऊन थांबतो. तो चमच्यात घ्यायचा, चमच्यातून सिरिंजमध्ये ओढायचा. त्या दिवशी सिरिंजमध्ये दोन मिलिलिटरसुद्धा भरले नव्हते. सून रडायला लागली. सिस्टरनी सिरिंज उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अगं, रडतेस काय? त्याला आज एवढंच लागतंय." ते खरंच होतं. पहिल्या दिवसांत त्या बाळांना दर दोन तासांनी दोन-तीन मिलिलिटरच देतात.

पुढच्या दिवशी मात्र त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, बाळ घरी यायला वेळ लागेल. तोवर हिला दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी दूध काढावं लागेल. हाताने एवढं निभणार नाही. औषधाच्या दुकानातला साधा पंप नका आणू, मोठा पंप भाड्याने मिळतो तो आणा. आणि उद्या-परवा नको, आजच." घाईचं कारण नंतर समजलं. बाळ अंगावर पीत नसेल तर दूध काढायला शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरुवात व्हावी लागते. दूध जितकं निघेल तितकं शरीर नवं तयार करतं, आणि छाती भरलेलीच राहिली तर शरीर हात आखडतं. पुढच्या कित्येक महिन्यांचं दूध या पहिल्या दोन आठवड्यांच्या मेहनतीवर ठरतं. नेमके तेच दिवस आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खायला घालण्यात जातात. खायला जरूर घालावं, तिची झीज भरून यायला हवीच. पण दूध वाढतं ते मुख्यतः दूध निघण्याने.

मुलगा फोन घेऊन बसला. पंप विकणारे उदंड, भाड्याने देणारे मोजके. त्यातच त्याच्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने प्रेमाने स्वतःचा पंप पाठवून दिला. छान पिशवीत, स्वच्छ पुसून. महागाचा होता, आणि देणारीचं मन मोठं होतं. तरी तो वापरता आला नाही. सिस्टरनी त्याची नळी खिडकीजवळ नेऊन दाखवली. आत, मोटरच्या बाजूला, काळपट ठिपके होते. घरगुती वापराच्या काही पंपांमध्ये दूध आणि मोटर यांच्या मध्ये पडदा नसतो. दुधाची वाफ, कधी दुधाचे थेंबच नळीतून आत शिरतात, तिथे बुरशी धरते, आणि आत हात घालून धुता येत नाही. असा पंप एका बाईने एकटीने वापरावा यासाठीच बनवलेला असतो. धडधाकट बाळाच्या घरीसुद्धा तो दुसऱ्या बाईने वापरू नये. दीड किलोच्या बाळासाठी तर प्रश्नच नव्हता.

भाड्याने द्यायच्या मोठ्या पंपाची रचनाच वेगळी असते. मोटरच्या बाजूला दूध जाऊच नये अशी आडकाठी असते आणि मोटर एकामागून एक बायकांनी वापरावी इतकी दणकट असते. दूध ज्या ज्या भागाला लागतं ते सगळे भाग सुटे असतात. छातीला लावायचं फनेल, झडप, पडदा, नळी, बाटली हा संच प्रत्येक बाईने नवा, सीलबंद विकत घ्यायचा. यंत्र भाड्याचं, संच स्वतःचा. विक्रेते त्याला 'हॉस्पिटल ग्रेड' म्हणतात, पण त्या शब्दावर विसंबू नये. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनसुद्धा या शब्दाची अधिकृत व्याख्या मानत नाही, त्यामुळे डब्यावर तो कुणीही छापू शकतो. त्यापेक्षा दुकानदाराला सरळ विचारावं, की हे यंत्र अनेक जणींनी वापरण्यासाठी बनवलंय असं कंपनीने लिहून दिलंय का, आणि मला नवा संच मिळणार का. यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर ते यंत्र घरी आणू नये.

आम्हाला पंप मिळाला तो अशा दुकानात, जिथे फाउलर बेड, ऑक्सिजनचं यंत्र, व्हीलचेअर भाड्याने देतात. मुलाने विकतची किंमतही विचारली, पण ती ऐकून तो विचार तिथेच संपला. डिपॉझिट भरलं, महिन्याचं भाडं भरलं आणि पंप रिक्षातून घरी आला. मोटर चालवून बघूनच घ्या, असं त्या दुकानातल्या माणसाने स्वतःहून सांगितलं. शहाणा सल्ला होता. आणखी एक गोष्ट आम्ही विचारली ती बॅटरीची. आमच्या भागात वीज जाते, आणि दूध काढायची वेळ वीज यायची वाट बघत नाही.

इथवर सगळं दुकानदारीचं झालं. खरी अडचण पुढे होती, ती फनेलच्या मापाची. संचाबरोबर आलेलं फनेल २४ मिलिमीटरचं होतं. पहिल्या दिवशी पंप लावला तर दूध थोडं आणि दुखणं फार. सुनेला वाटलं, हे असंच असतं, सोसायला हवं. बायकांना असं वाटायची सवय आपणच लावलेली असते. स्तनपान शिकवणाऱ्या ताई आल्या, त्यांनी पंप चालू करायला लावला आणि फनेलच्या पारदर्शक नळीत निरखून पाहिलं. स्तनाग्राबरोबर भोवतीचा काळसर भागही नळीत ओढला जात होता, म्हणजे फनेल मोठं होतं. लहान असतं तर स्तनाग्र कडेला घासून सोललं असतं. ताईंनी छोट्या पट्टीने माप घेतलं आणि २१चं फनेल लावायला दिलं. त्याच यंत्राने, त्याच जोरावर, दुखणं थांबलं आणि दुधाची धार लागली. तीन मिलिमीटरचा फरक! माझ्या मते पंप निवडताना कंपनीचं नाव, बटणं, रंग, मोबाइलला जोडणी हे सगळं नंतरचं. माप आधी. आणि दुखत असेल तर काहीतरी चुकतंय, हे प्रत्येक बाळंतिणीला सांगायला हवं.

जोराचंही तसंच. बटण फिरवून जोर वाढवला की दूध जास्त येईल, असं मुलाला वाटत होतं. तसं होत नाही. पान्हा फुटल्याशिवाय दूध वाहत नाही, आणि पान्हा जबरदस्तीने फुटत नाही. बाळसुद्धा आधी भराभर, हलके हलके चोखतं आणि पान्हा आला की सावकाश, खोल घोट घेतं. चांगले पंप हीच चाल धरतात, आधी जलद आणि हलकं, मग संथ. सुनेला ताईंनी सांगितलं होतं की पंप लावण्याआधी छातीला कोमट फडकं लाव आणि बाळाचं झबलं जवळ घे. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून आणलेलं ते टीचभर झबलं ती नाकाशी धरून बसायची. थोड्या वेळात खांदे सैल पडायचे आणि फनेलमध्ये टपटप सुरू व्हायची.

या यंत्रामागची माणसं मला नंतर वाचनात भेटली. दूध ओढायची साधनं १९व्या शतकातही होती, पण विजेवर चालणारा, बाळाच्या चोखण्याची नक्कल करणारा पंप १९२०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड लास्कर यांनी तयार केला. ते पेशाने अभियंता आणि बुद्धिबळातले नामवंत खेळाडू. पुढे स्वीडनमध्ये आयनार एग्नेल या अभियंत्याने, किती ओढ दिली तर दूध येईल आणि आईला इजा होणार नाही याचा बारकाईने अभ्यास केला. १९५६ साली आलेल्या त्यांच्या पंपाला त्यांनी सिस्टर माया यांचं नाव दिलं. त्या परिचारिकेने त्यांना या कामात साथ दिली होती. हे वाचताना मला फार बरं वाटलं. यंत्र कुठवर ओढू शकतं यापेक्षा बाईला कुठवर सहन होतं, हे पाहणारा माणूस आणि त्याच्या शेजारी उभी राहून सांगणारी परिचारिका, दोघंही या यंत्राला लागत होती. ही मोठी यंत्रं रुग्णालयांसाठी होती. पुढे ती भाड्याने घरी जाऊ लागली. ब्रिटनमध्ये नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्ट या संस्थेच्या स्वयंसेविका आपापल्या भागातल्या आयांना असे पंप भाड्याने देत असत. ही गोष्ट मी मनात जपून ठेवली आहे, कारण पुढे मला जे मागायचं आहे त्याच्याशी तिचा संबंध आहे.

सुनेला पंप लावून बसलेली पाहताना मला माझेच दिवस आठवायचे. मी मुंबईत बँकेत होते. तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची, आणि आम्ही सगळ्या जणी ती संपली की डोंबिवलीहून गाडी पकडून कामावर हजर. मूल सासूबाईंपाशी. दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची. ब्लाउजच्या आत जुन्या सुती पातळाच्या घड्या घातलेल्या असायच्या, त्या भिजायच्या. मग स्वच्छतागृहात जाऊन, आतून कडी लावून, दूध पिळून मोरीत सोडायचं आणि नळ उघडायचा. बाहेर आणखी कुणी उभी असायची. आम्ही याबद्दल एकमेकींशीसुद्धा बोललो नाही. आणि घरी त्याच वेळी मुलाला वरचं दूध पाजलं जात होतं. माझं दूध वाया गेलं याचं दुःख मला इतक्या वर्षांनंतरही आहे, आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुट्टी दिली. मूल डोंबिवलीला आणि आई फोर्टात असेल तर त्या सुट्टीचं करायचं काय? २०१७च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा अधिक माणसं काम करतात अशा आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. हे मोठं पाऊल होतं. पण पाळणाघरापर्यंत बाळाला गर्दीच्या लोकलमधून न्यायची आईची हिंमत होत नाही, आणि मग पुन्हा पंपाशीच गाडी येते. त्यासाठी कडी लावता येईल अशी खोली, विजेचा सॉकेट, हात धुवायला बेसिन आणि दूध ठेवायला फ्रिज एवढंच लागतं. आपल्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातल्या सोयीचीही चर्चा झाली. रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचं नाव खोलीला देऊन भागत नाही. आत सॉकेट आणि पाणी आहे का, हे बघायला हवं.

पंप कुणाला लागतो, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. दिवस भरून झालेलं, अंगावर नीट पिणारं बाळ आणि घरी असलेली आई, यांना पंपाची काहीही गरज नाही. बाळंतपणाच्या सामानाच्या यादीत जाहिरातदारांनी तो घुसवला आहे, त्याला बळी पडू नये. कधीमधी दूध काढायचं तर हात पुरेत, फार तर साधा हातपंप. कामावर परत जाणारीने स्वतःचा, दोन्ही बाजूंचं दूध एकदम काढणारा विजेचा पंप विकत घ्यावा, तो रोज लागेल. भाड्याचा मोठा पंप असतो तो बाळ पेटीत असलेल्या आयांसाठी, जुळ्यांच्या आयांसाठी, टाळूला फट असल्यामुळे ज्या बाळाला ओढताच येत नाही त्याच्या आईसाठी. ही गरज काही आठवड्यांची, फार तर काही महिन्यांची. अशा गरजेसाठी कुणी कर्ज काढून यंत्र विकत घेऊ नये, आणि यंत्राविना राहूही नये.

आमच्या घरी रात्रीची वाटणी आपोआप झाली. पहाटे तीनला सून उठायची, मुलगा तिच्याबरोबर उठायचा. दूध निघालं की बाटलीवर तारीख-वेळ लिहून ती फ्रिजच्या मागच्या, थंड भागात ठेवायची, दारातल्या कप्प्यात नाही. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, बाहेर चार तास, आणि आपल्या उन्हाळ्यात तेवढासुद्धा भरवसा धरू नये. मग मुलगा संच सुटा करून धुवायचा. त्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा ब्रश, सिंकमध्ये थेट काही ठेवायचं नाही. इवलीशी रबरी झडप तो दिव्याखाली धरून बघायचा, कारण तिला बारीकशी चीर गेली तरी ओढ कमी होते आणि आईला वाटतं आपलं दूधच आटलं. त्याच्या वडिलांनी त्याचं एक दुपटंही कधी धुतलं नव्हतं. मुलाला असं झडप निरखताना पाहून माझ्या मनात जे आलं ते मी सुनेला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तो करतोय म्हणून मी टिकले."

सकाळी बर्फाच्या पिशवीत बाटल्या घालून मी दवाखान्यात न्यायची. दाराशीच सिस्टर विचारायच्या, "आजी, दूध आणलंय ना?" किती दूध निघालं ते लिहायच्या वहीत आकडे चढत गेले. आकड्यांचं ओझंही झालं. शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या आईची बाटली भरलेली दिसली की सुनेचा चेहरा उतरायचा. ताईंनी तिला निक्षून सांगितलं होतं, की पंपातून जेवढं येतं तेवढंच अंगात आहे असं समजू नकोस. बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. पुढे नातू आईच्या उघड्या छातीवर तासन्‌तास पडून राहायला लागला, मग पळीने प्यायला लागला, मग एकदाचा अंगावर. त्यानंतर पंपाचं काम हळूहळू सरलं.

ज्यांना स्वतःचं दूध कमीच येतं त्यांच्यासाठी दुग्धपेढ्या आहेत. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. महापालिकेच्या, गोरगरिबांच्या त्या रुग्णालयात, परक्या आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, दुबळ्या बाळांना दिलं जातं. दूध एका आईकडून दुसऱ्या बाळाकडे जाऊ शकतं, तर यंत्र का जाऊ नये?

पंप परत करायच्या आधीच दुकानातून फोन आला होता, की तुमचं कधी होतंय, एक जण वाट बघतोय, त्यांची जुळी सातव्या महिन्यात झालीत. एवढ्या मोठ्या शहरात त्या दुकानात असे पंप दोनच होते. तालुक्याच्या गावी काय असेल?

आणि इथेच मला आपल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांना हाक मारायची आहे. गावोगावी मंडळं, ट्रस्ट, ज्येष्ठ नागरिक संघ नाममात्र भाड्याने व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, एअरबेड देतात. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारात आम्हीही त्यांच्याकडूनच पलंग आणला होता. म्हाताऱ्या, आजारी माणसांसाठी समाजाने उभी केलेली ही सोय अतिशय चांगली आहे. तिथे बाळंतिणीसाठी मात्र काही नसतं, कारण कुणी मागितलेलं नसतं. मी मागते आहे. या वर्षीच्या वर्गणीतून अनेकींनी वापरण्याजोगा एक पंप घ्या. फनेल-नळ्यांचे सीलबंद संच ठेवा आणि ते खरेदीच्या भावात द्या. जवळच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरकडून तुमच्यातल्या एका ताईला माप घ्यायला आणि पंप लावायला शिकवून घ्या. १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह असतो. त्या आठवड्यात भाषणं ठेवण्यापेक्षा हे करा, आणि केंद्राच्या फलकावर एअरबेडच्या खाली एक ओळ वाढवा: 'आईचं दूध काढायचा पंप भाड्याने मिळेल, रात्रीही फोन करा.'